उबवणी पेटीचा कंट्रोलर कशात बसवाल?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीनंतर एका ताईंनी घरी बनवलेली अंडी उबवायची पेटी दाखवली. थर्माकोलचं खोकं, आत दोन बल्ब, पाण्याची वाटी, सगळं नीटनेटकं. मी कौतुकाने कंट्रोलरला हात लावला आणि झटकाच बसला! कंट्रोलर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होता. आतली सोललेली वायर पत्र्याला टेकली होती. ताई म्हणाल्या, "मॅडम, त्याला थोड्या झिणझिण्या येतातच." अहो, झिणझिण्या म्हणजे करंटच! त्या घरात रांगणारं बाळ होतं.

कंट्रोलर काय करतो ते तुम्हाला माहीतच आहे. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस साधारण ३७.५ अंश ऊब लागते. ती कमी झाली की तो बल्ब लावतो, पुरेशी झाली की बंद करतो. ती छोटी पट्टी १२ व्होल्टवर चालते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण बल्बचा २३० व्होल्टचा करंट तिच्यावरच्या रिलेतूनच जातो. आणि आपण अंडी फिरवायला दिवसातून तीन-चारदा तिथे हात घालतो, कधी कधी भांडी घासता घासता, ओल्या हातानेच.

पत्रा मजबूत असतो, उंदीर कुरतडत नाही, हे खरं. कारखान्यातही लोखंडी पेट्या असतात, पण त्यांना अर्थिंग जोडलेलं असतं. आपल्या किती घरांत बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे खरंच अर्थिंग आहे? म्हणून पत्रा नकोच.

थर्माकोल ऊब धरतो, त्यामुळे पेटीला छान. पण कंट्रोलरला नको. ढिलं कनेक्शन तापतं आणि थर्माकोल लगेच वितळतो, पेटही घेतो. पुठ्ठ्याचंही तेच. लाकूड कोरडं असेपर्यंत ठीक, पावसाळ्यात ओल धरतं.

मग जेवणाचा प्लास्टिकचा डबा? त्यातून करंट लागत नाही, पण एकदा पेटला की जळतच राहतो. त्यापेक्षा इलेक्ट्रिकलच्या दुकानात झाकणाचा, स्क्रूने बंद होणारा पीव्हीसी बॉक्स मागा. त्यातूनही करंट येत नाही, आणि जाळ बाजूला गेला की पीव्हीसी सहसा आपोआप विझतं. मी तरी तोच घ्या म्हणेन.

हा बॉक्स पेटीच्या बाहेर लावा. आत फक्त सेन्सर सोडा, कारण आतल्या वाफेने पट्टी गंजते. हवेची बारीक भोकं बॉक्सच्या बाजूला पाडा, वर नको. मोठी ठेवलीत तर पाल आत शिरते (हेही एका गटात झालंय). वायर जिथून आत जाते तिथे रबराची रिंग बसवा, आणि ओढली तरी निसटणार नाही अशी आतून बांधा. जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या.

ज्यांचा कंट्रोलर आत्ता पत्र्याच्या डब्यात आहे, त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा, डब्याला हात न लावता. मग मला फोन करा. अंडी आत असतील तर पेटी गोधडीत गुंडाळून ठेवा, तासाभराने काही बिघडत नाही.