हक्काची वाट

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी लग्नाआधी सायकल चालवत होत्या? पुष्कळ हात वर होतील. आणि आज कितीजणी चालवतात? आता हात मोजकेच राहतील, हो ना? माझाही खालीच राहिला असता. साताऱ्याला कॉलेजात असताना मी रोज सायकलनं जायची. पुढे लग्न झालं, मुलं झाली, शाळेत अर्धवेळ नोकरी लागली आणि सायकल कधी सुटली ते कळलंच नाही. 'चालवू नकोस' असं कुणी म्हटलं नव्हतं बरं का! सासूबाईंनी नाही आणि ह्यांनीही नाही. माझी मीच सोडली.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत ताईकडे इंग्लंडला जाण्याचा योग आला. ताई ब्रायटनला राहते. तिथल्या पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "चल, तुला डोंगरावर नेते. पण चालत नाही हं, सायकलवर!" मी म्हटलं, "अगं, डोंगरावर सायकल? मला सपाट रस्त्यावर तरी जमेल का?" ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिनं मला उत्तर दिलं नाही; भाच्याची सायकल काढली आणि तिची सीट माझ्या उंचीला लावायला बसली.

डोंगरावरच्या ह्या सायकलीचे टायर जाड आणि खाचांचे असतात, पुढच्या बाजूला धक्के शोषणारी स्प्रिंग असते आणि गिअर भरपूर. ती जन्मली १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर. पण ती जिथून जाते त्या इंग्लंडातल्या वाटा मात्र फार जुन्या आहेत. खरं तर मला तुम्हाला सायकलीपेक्षा ह्या वाटांचीच गोष्ट सांगायची आहे.

सायकली आगगाडीत घालून आम्ही दहाएक मिनिटांत हॅसॉक्सला उतरलो. तिथून क्लेटन गावाच्या वर चढलं की दोन जुन्या पवनचक्क्या दिसतात. एकीचं नाव जॅक आणि दुसरीचं जिल! त्यांच्याजवळून 'साउथ डाउन्स वे' ही वाट जाते. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत, तब्बल शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. तिचा बराचसा भाग १९७२ साली खुला झाला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस, घोडा आणि सायकल तिघांनाही जाता येतं.

हे डोंगर कसले आहेत, सांगू? खडूचे! भूगोलाच्या तासाला मी कितीतरी वेळा 'चॉकच्या टेकड्या' असं फळ्यावर लिहिलं असेल. पण पांढरीशुभ्र वाट चाकाखाली पाहिली तेव्हा गंमत वाटली. (आता शाळेतले खडू बहुधा जिप्समचे असतात, ते सोडा.) दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, मेंढ्या आणि डोक्यावर चंडोलाचं गाणं. पण आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि ओला खडू म्हणजे अगदी साबणाची वडी! उतारावर मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि सरळ गवतात जाऊन पडले. गुडघा खरचटला. डोळ्यांत पाणी आलं ते दुखल्यामुळे नव्हे, लाजेमुळे. म्हटलं, ह्या वयात हे काय चालवलंय मी!

तेवढ्यात समोरून एक आजीबाई घोड्यावरून आल्या. ताई चटकन बाजूला उभी राहिली आणि मलाही थांबवलं. आजीबाई हसून, हात करून पुढे गेल्या. ताई म्हणाली, "ही घोडेवाट आहे. आधी मान त्यांचा."

मग तिथंच गवतात बसून तिनं सगळं समजावून सांगितलं. इंग्लंडात शेतं आणि कुरणं खाजगी मालकीची असली तरी त्यांतून जाणाऱ्या अनेक वाटा सर्वांच्या हक्काच्या असतात. काही नुसत्या पायवाटा. त्यांवर सायकलीला हक्क नाही. काही घोडेवाटा, त्यांना तिकडे 'ब्रायडलवे' म्हणतात. १९६८ च्या कायद्यानं घोडेवाटांवर सायकलीला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. खांबावर पिवळा बाण असला तर पायवाट, निळा असला तर घोडेवाट. एवढं लक्षात ठेवलं की चुकायला होत नाही.

आणि तिथला आणखी एक नियम ऐकून तर मी चकितच झाले. एखाद्या वाटेनं लोक वीस वर्षं उघडपणे, न विचारता, विनाअडथळा ये-जा करत राहिले आणि मालकानं हरकत दाखवली नाही, तर ती वाट लोकांची झाली असं कायदा धरून चालतो. म्हणजे वाट नुसती मागून मिळत नाही. चालून चालून आपली होते!

पण बायकांना ती सुखासुखी मिळाली असं मात्र समजू नका. १८९८ साली लेडी हार्बर्टन सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी गेल्या. त्या काळच्या लांब घोळदार झग्यात सायकल चालवणं धोक्याचं, म्हणून त्यांनी सैलसर विजार घातली होती. तेवढ्यासाठी तिथल्या हॉटेलात त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८९९ साली निकाल हॉटेलवालीच्या बाजूनं लागला. म्हणून काय बायकांनी सायकली टाकल्या? मुळीच नाही!

दुसरी बाई अलीकडची. लेडी मेरी टाउनली. उत्तरेकडच्या पेनाइन डोंगरांतल्या घोडेवाटांची दुर्दशा लोकांना दिसावी म्हणून १९८६ साली त्या नॉर्थम्बरलँडपासून डर्बीशायरपर्यंत सुमारे अडीचशे मैल घोड्यावरून गेल्या. पुढे सरकारनं 'पेनाइन ब्रायडलवे' मंजूर केला. त्यातली ४७ मैलांची एक गोल वाट २००२ साली खुली झाली, तिला त्यांचंच नाव दिलं आहे. ते पाहायला त्या नव्हत्या. आदल्या वर्षीच वारल्या होत्या. आज त्याच वाटेवर सायकली धावतात.

हे ऐकल्यावर मी गुडघ्याला रुमाल बांधला आणि पुन्हा सायकलवर बसले. डिचलिंग बीकनपर्यंतचे दोनेक मैल गेलो. शेवटच्या चढावर मी उतरून सायकल ढकलली, पण पोहोचले! परतताना पॅचम गावाच्या वर आमच्या वाटेला एक पांढरी संगमरवरी छत्री लागली. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांवर इथंच अग्निसंस्कार झाले. १९२१ साली हे स्मारक उभं राहिलं. इतक्या दूर, मेंढ्यांच्या कुरणात आपली माणसं! आम्ही दोघी काही न बोलता हात जोडून उभ्या राहिलो.

तुमच्यापैकी कुणाचा लेकीकडे, बहिणीकडे तिकडे जाण्याचा योग आला, तर ह्या गोष्टी ध्यानात ठेवा:

पहिल्या दिवशी पाचसहा मैल पुरेत. पाऊस पडून गेला असेल तर खडूच्या वाटेवर जाऊ नका. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका. उतारावर शरीर थोडं मागे न्या आणि दोन्ही ब्रेक हलके हलके दाबा. वाटेवर गारगोटीचे धारदार दगड असतात, म्हणून जादा ट्यूब आणि पंप जवळ हवाच. हेल्मेट तिथं सक्तीचं नाही, पण घालाच. वाऱ्यापावसाचं जाकीट, पाणी आणि दोन शेंगदाण्याचे लाडू बरोबर घ्या. फाटक जसं असेल तसं ठेवा. बंद असेल तर आपल्या मागे आठवणीनं लावा, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात.

साताऱ्याला परतल्यावर मी माळ्यावरची जुनी सायकल काढली. दुकानदारानं टायर-ट्यूब बदलून दिले. आता आठवड्यातले तीन दिवस मी शाळेत सायकलनं जाते. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकू बघत राहिल्या, आता विचारतात, "आज सायकल नाही वाटतं?" सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुला येतच नाही!"

पाहिलंत ना? वाट कुणी अडवली नव्हती. माझ्याच पावलांनी ती सोडली होती. तुमचीही अशी एखादी वाट असेल. सायकलीचीच असं नाही. गाण्याची असेल, पोहण्याची असेल, वाचनाची असेल. गवत माजलं असलं तरी हक्क तुमचाच आहे. चार पावलं टाकून तर बघा!