लग्न तर झालं, व्हिसाचं काय?

सेलूत लग्न झालं, फोटो स्टेटसला पडले. आता दोघांनी मिळून परदेशी जायचं? थांबा! व्हिसासाठी अल्बम पुरत नाही. आधी नगर परिषदेत विवाहनोंदणी करा. दाखल्यावर नावांचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच हवं.

पुढे देश तसे नियम. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत नेणं बंद केलंय. संशोधनाच्या अभ्यासक्रमांना सूट आहे. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून, एकजण मास्टर्स करत असेल तर दुसऱ्याच्या वर्क परमिटसाठी तो कोर्स साधारणपणे किमान १६ महिन्यांचा लागतो.

म्हणजे कॉलेज एकाचं, पण ताटातूट दोघांची! म्हणून फी भरण्याआधी दोघांनी सोबत बसून नियम वाचा, बरं का.