एका गेटवरचे प्रशिक्षण, दुसऱ्या गेटवर

सुरक्षेचे प्रशिक्षण एका सार्वजनिक आस्थापनेत घेतलेले असेल, तर दुसरीने ते ग्राह्य धरावे का, हा प्रश्न भिलाईत कंत्राटी कामगारांच्या रोजीशी जोडलेला आहे. सोव्हिएत संघाशी 1955 साली झालेल्या करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. आज हा कारखाना ‘सेल’चा आहे. शहरातच एनटीपीसी आणि सेल यांच्या संयुक्त कंपनीचे वीजकेंद्र आहे, रेल्वेचे मार्शलिंग यार्ड व विद्युत इंजिनांची शेड आहे, आणि कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणी दक्षिणेला आहेत. वेल्डर, फिटर, रिगर असे कुशल कामगार शटडाउनच्या कामासाठी यांतल्या एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात. मात्र मालक बदलला की गेट पास नवा काढावा लागतो आणि पासाआधीचे प्रशिक्षणही बहुधा पहिल्यापासून घ्यावे लागते.

याचे मूळ कायद्यात आहे. कारखान्यांसाठी 1948 चा अधिनियम होता आणि त्यावर राज्याचे निरीक्षक लक्ष ठेवत. खाणींसाठी 1952 चा अधिनियम, 1966 चे व्यावसायिक प्रशिक्षण नियम आणि धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय. विजेच्या कामाला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम, तर रेल्वेची व्यवस्था स्वतःची. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन सुरक्षेचे प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. जबाबदारी मात्र त्या त्या जागेच्या भोगवटादाराची राहिली. अपघात झाल्यावर दुसऱ्याच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही, म्हणून तो बाहेरच्या कागदावर विसंबत नाही. ही सावधगिरी निव्वळ कागदी नव्हे.

12 जून 2014 रोजी भिलाईच्या पंप हाऊसमध्ये बिघाड होऊन पाण्याचा दाब घसरला आणि झोतभट्टीचा वायू पाण्याच्या नळातून उलटा आत आला. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने सहा जणांचा बळी घेतला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. या विषारी वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पाणी उपसण्याच्या जागी वायू येऊ शकतो, हे कोणत्याही सर्वसाधारण वर्गात शिकवले जात नाही. ते त्या कारखान्याच्या नळांची जोडणी जाणणाऱ्यालाच सांगता येते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हन भागातल्या वायुवाहिनीवर नियोजित देखभाल सुरू असताना आग भडकली. मृतांची संख्या दहाच्या वर गेली आणि त्यांत अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते. कोक ओव्हनच्या वायूत हायड्रोजन निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे तिथला मुख्य धोका स्फोटाचा. एकाच कुंपणाच्या आत दोन वायू आणि दोन वेगळे धोके!

म्हणून प्रशिक्षणाचे दोन भाग वेगळे धरणे हाच योग्य मार्ग दिसतो. उंचीवरचे काम, सेफ्टी बेल्टचा वापर, वीज तोडून कुलूप लावण्याची पद्धत, कामाचा परवाना वाचणे, प्रथमोपचार हे ज्ञान कोणत्याही गेटवर तेच असते आणि ते कामगाराबरोबर जायला हवे. ऑस्ट्रेलियात बांधकाम कामगाराचे ‘व्हाइट कार्ड’ सर्व राज्यांत चालते, तरी प्रत्येक जागेची माहिती तिथेच वेगळी दिली जाते. भारतातही पाया तयार आहे. पोलाद मंत्रालयाने 2020 मध्ये लोह-पोलाद उद्योगासाठी 25 सामायिक सुरक्षा मार्गदर्शिका काढल्या. तेरा कामगार कायदे एकत्र करणारी त्याच वर्षीची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. अनुभवातून आलेले कौशल्य तपासून प्रमाणित करण्याची सोय राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातही आहे.

उणीव नोंदीची आहे. ‘प्रशिक्षण पूर्ण’ एवढाच शेरा पुढच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. काय शिकवले, प्रत्यक्ष करून घेतले का, परीक्षा कशी झाली, उजळणी कधी, हे त्यात हवे. भाषेचीही नोंद हवी. सुरक्षा अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा यावी, अशी अट कारखान्यांच्या नियमांत आहे. भिलाईत मात्र छत्तीसगढी, हिंदी, ओडिया, तेलुगू आणि मराठी बोलणारे एकाच टोळीत भेटतात. एवढी नोंद सोबत असली, की नव्या गेटवरचा सगळा वेळ त्या जागेसाठी देता येईल: वायू कुठून येऊ शकतो, मापक कोणत्या आकड्याला वाजतो, भोंगा झाल्यावर वारा पाहून कोणत्या दिशेने निघायचे आणि बेशुद्ध पडलेल्या साथीदाराकडे श्वसनयंत्राशिवाय का धावायचे नाही.