बॅम्बीची आई कुठे गेली?

गेल्या हिवाळ्यात कारंजाकडच्या एका खेड्यातून एक जोडपं साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन ओपीडीत आलं. पंधरा दिवसांपासून पोरीचं पोट दुखत होतं. रात्री ती दचकून उठायची आणि बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं. तपासलं तर पोट मऊ, ताप नाही, वजन वयाप्रमाणे, लघवीच्या तपासणीत काही नाही. आई म्हणाली, "मले अंगणाच्या बाहेर पाय टाकू देत नाही, साहेब. वावरात निघाली की गळ्यातच पडते."

अशा वेळी आम्ही विचारतो, घरात काही झालं का? भांडण, मयत, कुणी मारलं, कुणी भीती घातली? काहीच नव्हतं. मग बाप जरा संकोचून म्हणाला, "तुमीच तं सांगतलं होतं, मोबाइलवरचे रील्स बंद करा अन् जुना चांगला कार्टून पिच्चर दाखवा म्हणून. आमी हरणाचा दाखवला."

मला आठवलं. महिनाभरापूर्वी खोकल्यासाठी तिला आणलं होतं, तेव्हा हातात मोबाइल होता आणि दर दहा सेकंदांनी अंगठा वर सरकत होता. बाहेर रांग लागलेली. मी जाता जाता सल्ला दिला, पण कोणता सिनेमा, कोणत्या वयाला, कसा दाखवायचा, हे काही बोललो नाही. औषध लिहिताना मात्रा न लिहिण्यासारखंच ते झालं.

हरणाचा सिनेमा म्हणजे डिस्नेचा 'बॅम्बी', 1942 सालचा. फेलिक्स साल्टेन यांच्या 1923 मधल्या कादंबरीवरून केलेला. सिनेमा देखणा आहे यात वाद नाही. पाऊस, पानगळ, बर्फावर घसरणारं पाडस हे सगळं आजही मोठ्या माणसाला खिळवून ठेवतं. पण मध्यात पाडस आणि त्याची आई शिकाऱ्यांपासून पळत असतात, बंदुकीचा आवाज येतो आणि आई दिसेनाशी होते. रक्त नाही, प्रेत नाही. पाडस बर्फात आईला हाका मारत फिरतं, आणि त्याचा बाप येऊन सांगतो की आई आता तुझ्याजवळ राहू शकणार नाही. मोठ्यांना हा संयम वाटतो. साडेचार वर्षांच्या पोरीला मात्र एवढंच कळतं की आवाज झाला आणि आई गेली.

त्यातून ते दिवस तुरीच्या शेंगा भरण्याचे. रोही आणि हरणं रात्री शेतात उतरतात. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या आजूबाजूला शेती करणाऱ्यांना त्याचं वेगळं वर्णन करून सांगायला नको. हा बापही रोज रात्री फटाके फोडून रोही हाकलायला जात होता. पोरीने सिनेमात बंदूक ऐकली आणि मग रोज रात्री शेताच्या दिशेने तसाच आवाज. वर सकाळी आई त्याच शेतात निघणार. तिने लावलेला हिशेब तिच्या वयाला अगदी बरोबर होता.

'जुना, नावाजलेला, लहान मुलांचा' हे तीन शब्द एकत्र आले की आपण निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. 2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात एक गमतीदार पण आकडे खरे असलेला अभ्यास आला होता. 1937 च्या 'स्नो व्हाइट'पासून 2013 पर्यंतचे सर्वाधिक चाललेले 45 अ‍ॅनिमेशनपट आणि त्याच वर्षांतले मोठ्यांचे 90 चित्रपट यांची तुलना त्यात होती. महत्त्वाच्या पात्राचा पडद्यावर मृत्यू मुलांच्या चित्रपटांपैकी दोन तृतीयांशांत होता, मोठ्यांच्या चित्रपटांपैकी निम्म्यांत. नायकाचे आईबाप मरण्याची शक्यता मुलांच्या सिनेमात पाचपटीहून जास्त. आठवून पाहा. 'द लायन किंग'मध्ये सिंबाचा बाप त्याच्या डोळ्यांसमोर जातो. 'फाइंडिंग निमो'मध्ये तर पहिल्या पाच मिनिटांतच आई जाते. कारण सोपं आहे. आईबाप बाजूला झाल्याशिवाय पोराला एकट्याने साहस करता येत नाही, मग गोष्ट कशी पुढे सरकणार? आपल्या आजीच्या गोष्टींतही सावत्र आई होतीच. पण तिथे आजीची मांडी होती, आणि पोराचा चेहरा पाहून आजी गोष्ट वळवायची. टीव्ही वळवत नाही.

लहान मुलाला पडद्यावरचं किती खरं वाटतं, यावर जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग केला होता. टीव्हीत लाह्यांनी भरलेलं भांडं दाखवायचं आणि विचारायचं, टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का? तीन वर्षांची मुलं म्हणाली, सांडतील. चार वर्षांच्या मुलांना बहुधा उत्तर बरोबर येतं. पण लाह्यांचं उत्तर बरोबर येणं वेगळं आणि भीती वाटल्यावर ते आठवणं वेगळं. म्हणून घाबरलेल्या मुलाला "अगं, ते खोटं आहे" असं सांगून फारसा उपयोग होत नाही. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला पाणी, मांडी, पाठीवरून फिरणारा हात यांनी लवकर बरं वाटतं.

भीतीचं रूपही वयाप्रमाणे बदलतं. तीन ते पाच या वयात दिसण्याची भीती मोठी असते: चेटकीण, एकाएकी बदलणारा चेहरा, अंधार, मोठा आवाज. 'स्नो व्हाइट'मधली राणी म्हातारी होते तो प्रसंग या वयासाठी नाही. आणि दुसरी भीती ताटातुटीची. मृत्यू म्हणजे कायमचं जाणं हे साधारण पाच ते सात वर्षांदरम्यान हळूहळू उमगतं, पण आई दिसत नाही हे दीड वर्षाच्या बाळालाही कळतं. 'डम्बो'मध्ये कुणी मरत नाही, फक्त हत्तिणीला कोंडून ठेवतात आणि पिल्लू बाहेर राहतं. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ते 'बॅम्बी'इतकंच जड आहे. आई बाळंतपणाला किंवा आजारपणात दवाखान्यात असेल, बाप कामासाठी पुण्याला गेलेला असेल, घरात नुकतीच मयत झाली असेल, तर त्या दिवसांत असले सिनेमे पुढे ढकलावेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला हेच सिनेमे शेजारी बसून जरूर दाखवा. दुःख काय असतं हे गोष्टीतून कळणं वाईट नाही.

मग रील्स काय वाईट होते, असं कुणी विचारेल. वेगाचा मुद्दा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2011 मध्ये चार वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट केले. एका गटाला नऊ मिनिटं अतिवेगवान कार्टून दाखवलं, ज्यात सरासरी 11 सेकंदांना दृश्य बदलत होतं. दुसऱ्याला संथ कार्टून, ज्यात दृश्य बदलायला सरासरी 34 सेकंद लागत. तिसऱ्याला चित्र काढायला बसवलं. लगेच नंतर लक्ष देणं, सांगितलेलं लक्षात ठेवणं, मोह आवरणं यांच्या चाचण्या घेतल्या, तर वेगवान कार्टून पाहिलेली मुलं चित्र काढणाऱ्यांपेक्षा मागे पडली. अभ्यास लहान आहे आणि परिणाम किती काळ टिकतो हे त्यात मोजलेलं नाही. पण टीव्ही बंद केल्यावर अर्धा तास पोरगं ऐकत नाही, ही आयांची तक्रार मी रोज ऐकतो. जुन्या सिनेमांचा खरा गुण हा आहे. ते थांबतात. एक ढग जातो, एक पान पडतं, आणि त्या वेळात पोर प्रश्न विचारू शकतं.

सगळं जुनं संथ असतं असंही नाही. 1940 पासूनचं 'टॉम अँड जेरी' घ्या, तिथे हाणामारी आणि धावपळ याखेरीज काही नाही. आणि त्याच वर्षीच्या 'पिनोकियो'त पोरं सिगार ओढतात. पुढे त्यांची गाढवं होतात हे खरं. खर्रा खाणाऱ्यांचंही असं लगेच झालं असतं तर आमच्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओपीडीत गर्दी कमी असती.

वेळेचं गणित भारतीय बालरोग संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचं जवळपास एकच आहे. दोन वर्षांखाली पडदा नाही. बालरोग संघटनेने नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा वगळला आहे. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही मोठ्या माणसाबरोबर. आता 'बॅम्बी' 70 मिनिटांचा आहे, 'डम्बो' 64. म्हणजे बसल्या बैठकीला पूर्ण सिनेमा हीच मात्रा जास्त. दोन-तीन दिवसांत तोडून दाखवा, पण भीतीच्या ठिकाणी तोडू नका, पात्रं सुखरूप असतील तिथे थांबवा. आधी स्वतः पाहा, निदान मधला आणि शेवटचा भाग. झोपेच्या आधीचा तास नको. खोलीत दिवा हवा. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे जवळपास 685 मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, काहींना चक्क झटके आले होते. ज्या मुलाला झटक्यांचा आजार आहे त्याच्या आईबापांनी अंधारात, पडद्याला नाक लावून काहीही पाहू देऊ नये. आणि जेवताना तर नाहीच. घास भरवायला मोबाइल दिला की पोट भरल्याचं पोराला कळत नाही आणि आपल्यालाही.

नावं विचाराल तर चार वर्षांच्या मुलासाठी मी सुरुवात 'एक अनेक और एकता'ने करेन. विजया मुळे यांनी 1974 मध्ये केलेला, भीमसेन यांच्या अ‍ॅनिमेशनचा हा जेमतेम सात मिनिटांचा चित्रपट आजच्या आईबापांनी दूरदर्शनवर पाहिलेला आहे. पक्षी जाळ्यात सापडतात आणि लगेच सुटतात. त्या वयाला तेवढं संकट पुष्कळ झालं. पाच-सहा वर्षांना 1967 चा 'द जंगल बुक' चालतो. बल्लू मेल्यासारखा वाटतो त्या क्षणी मात्र शेजारी असा. मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा 1988 मधला 'माय नेबर टोटोरो' मला स्वतःला फार आवडतो. त्यात खलनायकच नाही. खेड्यातलं घर, भातशेती, पावसात बसथांब्यावर बापाची वाट पाहणाऱ्या दोन बहिणी. त्यांची आई दवाखान्यात असते आणि धाकटीला वाटतं की ती परत येणार नाही. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षयरोग होता. त्या काळजीची चव सिनेमात आहे, पण दिग्दर्शक लेकरांना अधांतरी सोडत नाही. सहा वर्षांनंतर दाखवा.

आणि एक हरणाचाच. डिस्नेत 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आपल्या कलाकारांना अ‍ॅनिमेशन शिकवायला आले. त्यातून 1957 मध्ये 'द बनियन डिअर' हा छोटा चित्रपट झाला, निग्रोधमृग जातकावरचा. जातककथा म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवरच्या गोष्टी. तिथल्या 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्या ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात कोरल्या गेल्या, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

त्या पोरीला मी कोणतंही औषध लिहिलं नाही. टीव्ही महिनाभर बंद. आईने शेतात जाताना चोरून निघायचं नाही, सांगून निघायचं आणि कबूल केलेल्या वेळी परत यायचं. बापाने एका संध्याकाळी पोरीला सोबत नेऊन दूर उभं करून फटाका दाखवायचा, रोही पळून जातं हे तिच्या डोळ्यांनी पाहू द्यायचं. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा अंथरूण कोरडं होतं, पोट दुखत नव्हतं. फटाक्याचा आवाज आला की आईचा पदर अजून धरते, एवढंच.

रांग होती, तरी मी तिला वडाच्या हरणाची गोष्ट सांगितली. राजाच्या स्वयंपाकघरात रोज एक हरीण जायचं. एक दिवस पोटुशी हरिणीची पाळी आली, तेव्हा हरणांचा राजा तिच्या जागी स्वतः जाऊन उभा राहिला. ते पाहून माणसांच्या राजाने सगळ्याच हरणांना अभय दिलं.

"आई घरी गेली?" तिने विचारलं.

"गेली. तिला पिल्लूही झालं."

मग मी पुढचं सांगितलं. हरणं निर्धास्त होऊन पिकात शिरू लागली, लोकांनी तक्रार केली, तेव्हा हरणांच्या राजाने आपल्या कळपाला बजावलं की शेताच्या कडेला पानं बांधलेली दिसली की आत जायचं नाही. आणि हरणं गेली नाहीत.

बाप इतका वेळ गप्प ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, तसं एखादं रोही आमच्या वावराकडं पाठवा ना."