काटा लागलाय? उरलेली गोळी नको

शिंगाळ्याचा काटा घुसला की मांद्रेत पहिला शोध घरात उरलेल्या अँटिबायोटिकचा. घेऊ नका हां! अमॉक्सिसिलिन जंतूला आपली भिंत बांधू देत नाही, पण खाऱ्या पाण्यातल्या व्हिब्रिओवर ती भरवशाची नाही. त्यावर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, ती जंतूचं प्रथिन बनणं थांबवते. ती चालू असताना होडीवर उन्हात कातडी पटकन भाजते, म्हणून लांब बाह्यांचा शर्ट घाला. दूध, अँटासिड सोबत नको. सिप्रोफ्लॉक्सासिन घेताना टाचेमागची शीर दुखली तर रापण ओढायला जाऊ नका, आधी डॉक्टरांना कळवा. पेनिसिलिनने कधी अंगावर पित्त उठलं असेल तर तेही सांगा. मधुमेह किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांनी, सूज वर चढू लागली तर सकाळपर्यंत थांबू नये.