फटफटीचा एअर फिल्टर बदलताना

सोयाबीनची मळणी उरकून उसाची वाहतूक सुरू झाली, की आपल्याकडच्या रस्त्यांवर फुफाटा मावत नाही. ट्रॅक्टरच्या मागे फटफटी लागली की आपण तोंडाला रुमाल बांधतो. गाडीचे नाक म्हणजे एअर फिल्टर. त्याची आठवण मात्र सर्व्हिसिंगलाही होत नाही.

एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. म्हणजे २०० लिटरची ४५ बॅरल! ती सगळी फिल्टरमधून गाळून जाते. फिल्टर चोंदला की गाडी ओढत नाही, चढाला ॲक्सिलरेटर जास्त पिळावा लागतो. कार्बोरेटरची गाडी असेल तर धूर काळा येतो, ॲव्हरेज पडते. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत धूर दिसेलच असे नाही, ओढ मात्र जाते. फिल्टर फाटका असला तर त्याहून वाईट. आत गेलेली धूळ तेलात मिसळून रिंगा आणि सिलिंडर पॉलिश पेपरसारखे घासते. गाडी तेल प्यायला लागते आणि बोअर-पिस्टनचे काम निघते. ते हजारांत जाते. फिल्टर दोन-तीनशेत येतो.

जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या वाटीतले तेल आपण बरोबर बदलतो. मग फटफटीनेच काय पाप केले?

नवा घेताना जुना सोबत न्या. माप तेच, आणि कडेचे रबर मऊ व सलग हवे. खरी मेख रबरातच आहे. कागद कितीही चांगला असो, कडेला फट राहिली तर हवा तिथूनच शिरणार. बसवल्यावर आठ-पंधरा दिवसांनी खोका उघडून इंजिनकडच्या नळीत पांढरे फडके फिरवा. फडक्याला माती लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही.

कागदी फिल्टर तेलकट असेल तर त्याला हवा मारू नका, पेट्रोलने धुऊ नका. गॅरेजवाला कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला तरी ‘राहू द्या, नवा टाका’ म्हणा. स्पंजचा फिल्टर मात्र धुता येतो. रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, पुस्तिकेत सांगितलेले तेल लावून पिळून काढा.

आता तरुण मंडळींची हौस. खोका काढून शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा, नाहीतर खोक्याला भोके पाडायची. आवाज वाढतो, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते. शंभर सीसीच्या गाडीला त्याने फरक पडत नाही. उलट कार्बोरेटरचे माप बिघडते, पावसात पाणी ओढले जाते. तो खोका हवेचा आवाजही दाबतो. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या तलाठी-ग्रामसेवकांना (पदनामे २०२४ मध्ये बदलली, गावात हाक तीच) हे सांगायला नको. संध्याकाळी डोके धरते ते कशाने? धुता येणारा कापडी फिल्टरही डांबरी रस्त्यावर ठीक, पण आपल्या मैद्यासारख्या धुळीला कंपनीच्या मापाचा कागदीच बरा.

पुस्तिकेत दिलेले किलोमीटर चांगल्या रस्त्याचे असतात. पाणंदीने रोज जाणे-येणे असेल तर त्याच्या निम्म्यावरच फिल्टर उघडून बघा, आणि बदलल्यावर मीटरचा आकडा खोक्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.