तेराव्यानंतरची सोबत

2021 च्या मे महिन्यात हे गेले. त्यानंतरच्या वर्षांचा मागोवा घ्यायचा तर माणसांच्या बरोबरीनं दोन कुत्र्यांची नावं त्यात येतात, त्याला माझा इलाज नाही. मुरगूडसारख्या गावात एका निवृत्त शिक्षिकेनं असं लिहावं हे काहींना थिल्लर वाटेल. नवरा गेलेल्या बाईनं पोथी वाचावी, नातवंडांत रमावं. कुत्र्यात कसलं रमायचं? पण घडलं ते असं.

तो काळ आठवून पाहा. करोनाची दुसरी लाट, जिल्ह्यात कडक टाळेबंदी. ह्यांना दवाखान्यातून घरी आणताच आलं नाही. धाकट्या दिरांनी अग्नी दिला, चार माणसांत सगळं उरकलं. एरवी आपल्याकडे मयताच्या घरी शेजारीपाजारी चूल पेटू देत नाहीत. भावकीतून डबे येतात, माहेरची माणसं येऊन राहतात, रात्री कुणीतरी सोबतीला झोपतं. रक्षाविसर्जनाला सगळी पंचक्रोशी लोटते. दुःख वाटून घ्यायची ही आपली जुनी रीत त्या वर्षी मोडून पडली. फोनवर हुंदके ऐकू आले, माणसं काही आली नाहीत. कार्य झालं, मुलगा पुण्याला परतला, आणि ऐन मिरगात मी घरात एकटी उरले.

मोत्या तोवर घरचा नव्हता. तो मळ्यावरचा. धनगराच्या एका कळपामागून आलेलं पिल्लू ह्यांनी धरून ठेवलं होतं. आमच्या भागाला बकरी आणि त्यांच्या मागची कुत्री नवी नाहीत. इथून जवळच आदमापूर. अक्कोळला 1892 साली जन्मलेले बाळूमामा आयुष्यभर बकरी घेऊन हिंडले आणि 1966 साली आदमापुरात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या बकऱ्यांचे बग्गे आजही गावोगाव फिरतात, आणि ती आपल्या रानात बसली तर शेतकरी भाग्य समजतो. अशा मुलखात कुत्रं हौसेपायी पाळत नाहीत. ते राखणीचं असतं, कष्ट करून खातं. ह्यांचं आणि मोत्याचं नातंही तसंच, फार लाडाकोडाचं नव्हे. उसाला पाणी पाजायला रात्री गेले की तो पुढं चालायचा, साप-किरडू दिसलं की थांबायचा. मी मात्र त्याला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

तो घरी आला तेही माझ्या मायेनं नव्हे. जूनच्या शेवटी वाटेकऱ्यानं त्याला दोरी लावून दारात आणून उभा केला. "बाई, कोंबड्या धराय लागलाय. बांधून घाला, न्हाईतर लांब सोडून येतो." ह्यांच्या हातचं जनावर लांब सोडून द्यायला मन धजेना, म्हणून परसात बांधलं. झालं एवढंच.

मळ्यावर मोकळं वाढलेलं जनावर बांधून राहतंय होय! फटफटायच्या आधीच त्याचं केकाटणं सुरू. शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून साखळी धरून मी बाहेर पडू लागले. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आमच्याकडे अजूनही कित्येक घरांत अशी समजूत आहे, की वर्षसणापर्यंत बाईनं फार बाहेर पडू नये, आणि भल्या सकाळी तर नकोच. कामाला निघालेल्या माणसाला पहिल्यांदा तिचं तोंड दिसलं तर दिवस वाया, म्हणतात. तोंडावर कुणी बोलत नाही, पण वाट बदलणारी पावलं कळतात. मोत्याला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. तो मला ओढत सर पिराजीराव तलावाच्या बाजूला न्यायचा, आणि मी त्याच्या निमित्तानं जायची. 'कुत्रं फिरवायचंय' हे कारण सगळ्यांना पटत होतं. 'मला घरात गुदमरतंय' हे कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या रस्त्यावर एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. माझ्याशी काय बोलावं हे लोकांना कळत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईसमोर आले की माणसं एकतर गप्प होतात, नाहीतर 'देवाची मर्जी' म्हणून मोकळी होतात. पण साखळीला कुत्रं असलं की त्यांना विषय मिळतो. चावतंय का? काय घालता खायला? कारवानी आहे काय हो? (कारवानीचा तर त्यात लवलेशही नव्हता, शेपटी तेवढी लांब होती.) दुधाच्या किटल्या घेऊन निघालेली पोरं, माझे जुने विद्यार्थी, गाडी थांबवून त्याच्या डोक्यावर हात फिरवू लागली. त्यातलाच एक जण कुत्र्याकडे बघत बघत म्हणाला, "बाई, सर गेले तवा यायला पायजे होतं, न्हाई जमलं." माझ्याकडे बघून त्याला हे म्हणता आलं नसतं. कुत्र्यामुळे मन रमतं असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत आधी गावाशी बोलणं सुरू झालं, मन नंतर केव्हातरी रमलं.

जुलैच्या शेवटी महापूर आला. 2019 चा पूर विसरतो न विसरतो तोवर दुसरा. वेदगंगा पात्र सोडून शिवारात पसरली, रस्ते बंद पडले, सगळा जिल्हा पाण्यात होता. त्या धांदलीत एक काळी कुत्री दोन पिल्लं घेऊन आमच्या गोठ्यात शिरली आणि वैरणीवर बसली. पाणी ओसरलं तरी हलली नाही. पिल्लं मोठी झाल्यावर ओळखीच्या वस्त्यांवर दिली, काळी राहिली. आता सकाळ-संध्याकाळ भाकरी करणं भाग होतं. एकट्या माणसाचा स्वयंपाक हा एक अवघड विषय आहे. त्या दिवसांत मी कितीदा तरी चहा-बिस्किटावर भागवलेलं आहे. पण दोन जनावरं चुलीकडे तोंड करून बसली की भाकरी थापावीच लागते, आणि थापली की आपल्याही ताटात पडते.

2022 साल आमच्या जिल्ह्यात वेगळ्या कारणानं गाजलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे काही गावात होऊ द्यायचं नाही, असा तो ठराव. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी हा विषय लावून धरला होता. राजर्षी शाहू महाराजांचं ते स्मृतिशताब्दी वर्ष. 6 मे 1922 ला महाराज गेले, त्याला शंभर वर्षं होत होती. ज्या राजानं 1917 मध्येच आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला आणि तरुणपणी वैधव्य आलेल्या आपल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, शिक्षण दिलं, त्याच्याच मुलखात शंभर वर्षांनी असा ठराव करावा लागला, याचा अभिमान वाटावा की खंत, ते ज्यानं त्यानं ठरवावं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना मला माझं मागचं वर्ष दिसत होतं. माझ्या बांगड्या कुणी फोडल्या नव्हत्या, टाळेबंदीत फोडायला तरी कोण येणार? पण संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचं बोलावणं त्या वर्षी आलं नाही, आणि ते का आलं नाही हे विचारायची सोय नव्हती. घरात मात्र दोन जीव असे होते, की मी टिकली लावली आहे की नाही, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. काल होते तीच मी आज त्यांच्यासाठी होते. गावानं हा समंजसपणा ठराव करून शिकायचा होता.

याच काळात महाभारताचा शेवट पुन्हा वाचला. वर्गात तो मी अनेकदा सांगितला होता. पाच पांडव आणि द्रौपदी हिमालय चढू लागतात, सोबत एक कुत्रं. पहिल्यांदा द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. धर्मराज मागं वळून बघत नाही. पुढं इंद्र रथ घेऊन येतो, तर हाच धर्मराज कुत्र्याला सोडून रथात बसायला नकार देतो. शिक्षिका म्हणून मी मुलांना यातली निष्ठा समजावून सांगायची, आणि बाई म्हणून मनात चरफडायची. बायको पडली तेव्हा थांबला नाहीस, आणि कुत्र्यासाठी स्वर्ग अडवून धरतोस? आता मी त्याला इतकी कठोर नाही. पडलेल्यांसाठी त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. जो अजून चालत होता, त्याच्यासाठी थांबणं तेवढं उरलं होतं. ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता हे कथेत नंतर कळतं. धर्मराजानं ते माहीत नसताना थांबायचं ठरवलं, हे महत्त्वाचं.

माझ्या या अनुभवाला शास्त्राचा काही आधार आहे का, तेही मुलाच्या मदतीनं शोधलं. स्वीडनमध्ये सुमारे 34 लाख लोकांच्या नोंदी बारा वर्षं तपासून 2017 मध्ये एक अभ्यास छापला गेला. एकट्या राहणाऱ्यांत, कुत्रं पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी दिसला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली. जोडीदार गमावल्यावर पाळीव प्राणी नसलेल्यांत उदासी आणि एकटेपण जास्त वाढलं होतं. प्राणी असलेल्यांत तेवढं वाढलं नव्हतं. अर्थात कुत्रं पाळलं म्हणूनच माणूस जगला, असं यातून सिद्ध होत नाही. ज्याच्या अंगात चालण्याची ताकद आहे तोच कुत्रं पाळतो, असंही असू शकतं. तरी पहाटे उठावं लागणं, चालावं लागणं, कुणाचं तरी पोट आपल्यावर असणं, याचा गुण मी घेतलेला आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुत्र्यानं सगळं भागत नाही. रात्री दोनला जाग आली आणि 'त्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात नेलं असतं तर' हा विचार सुरू झाला, की मोत्याच्या पाठीवर हात ठेवून तो थांबत नसे. तिथं माणूसच लागतो. पुढं 'टेलिमानस' ही सरकारी सेवा सुरू झाली. 14416 या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करून फुकट बोलता येतं, मराठीतही. त्याला लाज वाटून घेऊ नये.

2024 च्या पावसाळ्यात मोत्याला गोचीड ताप आला. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, पण वय झालं होतं. मळ्याच्या बांधावर खड्डा काढून वाटेकऱ्यानंच त्याला पुरलं. ज्याच्या कोंबड्या त्यानं खाल्ल्या होत्या, तोच. मी रडले तेव्हा जवळच्या एका बाईनं विचारलं, "कुत्र्यासाठी एवढं?" कुत्र्याच्या दुःखाला सुतक नाही, भेटायला येणं नाही, कार्य नाही. म्हणून ते कमी असतं असं नाही. त्याला जागा नसते एवढंच. दुसऱ्या दिवशी काळीसाठी भाकरी थापली. या खेपेला घरात बसून राहिले नाही, कारण बाहेर पडायची सवय तोवर हाडीमाशी खिळली होती.

2025 मध्ये देशभर भटक्या कुत्र्यांवरून रान पेटलं. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्टला दिल्लीतली कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. 22 तारखेला तो बदलून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळता बाकीची नसबंदी-लसीकरण करून मूळ जागी सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. चावा घेतलेल्या लेकरांचे आईबाप आणि कुत्र्यांना खाऊ घालणारे असे दोन तट गावोगाव पडले. माझं मत विचाराल तर चौकात बिस्किटं उधळणं ही भूतदया नव्हे. काळीची शस्त्रक्रिया करून घेतली आहे, दर वर्षी रेबीजची लस टोचते, रस्त्यावर ती साखळीशिवाय नसते. शाळेत मुलांना सांगायची तेच आजही सांगते: कुत्रं चावलं की हळद-चुना लावत बसू नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज झाल्यावर औषध नाही. आधी लस घेतली तर मरण टळतं.

आता काळी उतारवयाकडे झुकली आहे, मीही. माझ्यामागं तिचं कोण बघणार, हे पुतण्याशी बोलून ठरवून ठेवलं आहे. एकट्या माणसानं जनावर पाळताना ही सोय आधी करावी.

आणि जे दुःखात नाहीत, त्यांना सांगणं एवढंच. ओळखीत कुणाचा जोडीदार गेला तर त्यांच्या दारात उगाच पिल्लू आणून सोडू नका. पिल्लाचं करणं तान्ह्या पोराइतकं अवघड असतं, आणि ते हवं की नको हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. तेराव्याला गर्दी होतेच. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी, घर रिकामं झाल्यावर जा. उपदेश करू नका, देवाची मर्जी सांगू नका. 'उद्या पहाटे फिरायला येते, तयार राहा' एवढं म्हणा आणि खरंच जा.